पेडल, डायोड आणि मामांचा गंधार : नोंदवही

२९ जून २०२५, रविवार

इंदूरमधल्या आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात ३० ऑगस्टला आमचा बँड वाजवणार, हे आज मंडळाच्या बैठकीत नक्की झालं. पाऊण तास मिळालाय. तीन भावगीतं, एक गोंधळ, दोन हिंदी रॉक गाणी आणि मधे एक तुकडा नुसत्या वाद्यांचा. माझ्याकडे मात्र गिटारच्या स्वच्छ आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. अ‍ॅम्पवर गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं, बटण आहे, पण ते अर्ध्यापुढे नेलं की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं होतं. तेव्हा ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायचं, म्हणजे गिटारच्या आवाजात खरखर भरणारा, पायाशी ठेवायचा डबा. बजेट आठ हजार, आणि ते घरात जाहीर करून झालंय, त्यामुळे आता वाढणार नाही.

हाताशी असलेलं सामान: स्ट्रॅट धाटणीची गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारी गुंडाळी); २० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, आठ इंची स्पीकर. पिथमपूरच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. तिथे मोटर जळली तरी आधी नोंद आणि मग मोटर. तीच खोड घरी आणली आहे.

२ जुलै, बुधवार

ओव्हरड्राइव्ह म्हणजे मुळात अ‍ॅम्पला झेपणार नाही एवढा सिग्नल देणं. लाटेचा माथा छताला आपटतो आणि चपटा होतो, त्या चपटेपणातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर निघतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हे हळूहळू करतो म्हणून कानाला गोड लागतं, माझा ट्रान्झिस्टरवाला एकदम करतो म्हणून पोळं. पेडल हेच काम दोन-तीन डायोडांकडून (ठरावीक व्होल्टेजला उघडणारे आणि त्यावरचा माथा कापणारे छोटे भाग) करून घेतं, आणि अ‍ॅम्प स्वच्छ ठेवता येतो.

यादी करायला बसलो तर घराणी दोनच निघाली, बाकी त्यांची पिल्लं. एक बॉस कंपनीचं: १९७७चं ओडी-१ आणि त्यातून निघालेलं १९८१चं एसडी-१, जे आजही नवं मिळतं. दुसरं आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर: आधी टीएस८०८, मग १९८२चं टीएस९. दोन्हींत ४५५८ जातीची चिप आणि तिच्या फीडबॅकमध्ये, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेवर, डायोड. फरक एवढाच, की ट्यूब स्क्रीमरमध्ये वर एक डायोड, खाली एक, म्हणजे लाट दोन्हीकडे सारखी कापली जाते. बॉसमध्ये एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणजे कापणी वाकडी. पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या गेल्यात त्या एका जास्तीच्या डायोडवर.

तिसरं नाव बीडी-२, हेही बॉसचंच, १९९५चं. त्यात गेन वाढवणारे टप्पे चिपऐवजी सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधलेत. टीएस९ बजेटच्या बाहेर, पण त्याचं छोटं भावंड, टीएस मिनी, बसू शकेल.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

ड्रमरच्या मित्राकडून एसडी-१ आठवड्यासाठी उसनं मिळालं. साबुदाणा खिचडी खाऊन दुपारी लावलं. पहिला तास पेडल ऐकूच आलं नाही, कारण गुणगुण एवढी की वाटावं खोलीत डीपी बसवलाय.

गुणगुण तीन ठिकाणची निघाली. पहिली अ‍ॅडॉप्टरची. घरात पडलेला जुना ९ व्होल्टचा होता, आत रेग्युलेशन नाही, त्यामुळे १०० हर्ट्‌झची लहर थेट आवाजात. (हात लावायच्या आधी मल्टिमीटरने ध्रुव तपासले ते बरं झालं. या पेडलना मधली पिन ऋण लागते, घरातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांची ती धन असते.) बॅटरी लावली आणि ती गेली. दुसरी पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची, चिरचिर करणारी. पंखा बंद केला, ती गेली, आणि घाम सुरू. तिसरी सिंगल कॉइलची स्वतःची, ५० हर्ट्‌झची. ती जात नाही, फक्त गिटार घेऊन खोलीत फिरलं की कमी-जास्त होते. देवघराकडे तोंड केलं की सगळ्यात कमी. यामागे धर्म नाही, त्या भिंतीत वायरिंग नाही.

आवाजाबद्दल आज काही लिहीत नाही. घामात कान चालत नाहीत.

१२ जुलै, शनिवार

संध्याकाळी वाद्यांच्या दुकानात तासभर. टीएस मिनी आणि बीडी-२ दोन्ही लावून दिले. दुकानदार भला माणूस, पण प्रत्येक पेडलचं ड्राइव्हचं, म्हणजे खरखर वाढवणारं, बटण तीनच्या काट्यावर नेऊनच हातात देत होता. तिथे सगळीच पेडलं भावंडं वाटतात.

मी ड्राइव्ह खाली आणून वाजवलं. बीडी-२ एकदम आवडलं. तार जोरात छेडली तर गुरगुरतं, हलकी छेडली तर स्वच्छ होतं, खालचे-वरचे सगळे स्वर जागेवर. टीएस मिनी नाकात बोलल्यासारखं. खालचा भाग जातो, मधला पुढे येतो. कारण सर्किटमध्येच आहे: ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरॅडची जोडी सुमारे ७२० हर्ट्‌झच्या खाली गेन उतरवत नेते, आणि डायोडांनंतरचं फिल्टर साधारण त्याच जागेपासून वरचं कापतं. मधे उरतो तो उंचवटा.

मनात बीडी-२ पक्कं करून छप्पन दुकानला जाऊन पाणीपुरी खाल्ली.

१३ जुलै, रविवार

बीडी-२ मनातून गेलं.

सकाळी पोहे-जिलबी आटोपून मंडळाच्या हॉलमध्ये रिहर्सल. कीबोर्डवाल्याच्या ओळखीतून आजच्यापुरतं बीडी-२ मिळालं होतं, एसडी-१ माझ्याकडे होतंच. दुकानात जो आवाज भरलेला, श्रीमंत वाटत होता तो ढोलक, बेस आणि कीबोर्डच्या मधे साखरेसारखा विरघळला. खालचा भाग बेसने खाल्ला, वरचा झांजेने. मी वाजवतोय हे फक्त मलाच माहीत. ड्रमर तिसऱ्या गाण्यानंतर म्हणाला, "भिया, आप बजा रहे थे क्या?"

एसडी-१ लावलं, जे घरी मला किंचित चेपलेलं वाटलं होतं. आला आवाज. तेच नाकातलं बोलणं गर्दीतून वाट काढून पुढे आलं. तमाशात सोंगाड्या नाकात का बोलतो ते कळलं.

तेव्हा एवढं ठरलं: एकटं वाजवून पसंत करायचं नाही. आणि बीडी-२ वाईट नाही, आमच्या सहा जणांच्या गर्दीत ते माझ्या कामाचं नाही.

१६ जुलै, बुधवार

खरा प्रश्न आज उभा राहिला, आणि तो मामांनी उभा केला.

मामा रामबागेत राहतात. बँकेतून निवृत्त झाले, रोज पहाटे मिरजेचा तानपुरा जुळवून तासभर गातात. संध्याकाळी फेरफटका मारत घरी आले. मी भावगीताच्या सुरुवातीचा तुकडा एसडी-१ वर घोटत होतो. 'ए' कॉर्डच्या वरच्या तीन तारा, सा-ग-प, एकेक सुटी छेडायची आणि शेवटी तिन्ही एकदम. ते दारातच थांबले.

"सुटे स्वर छान लागतायत रे. जवारी चांगली उघडलीय. पण तिन्ही एकदम मारलेस की आत काहीतरी कण्हतंय."

(जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची ती झणझणती आस.) मी म्हटलं, "मामा, डिस्टॉर्शन आहे, थोडी खरखर असणारच."

"खरखर मला चालते. तानपुऱ्याच्या तारेखाली जीव सरकवतो तो खरखरीसाठीच की. पण तुझा गंधार चढा आहे. आणि तो डबा तुझा चढा गंधार लपवत नाहीये, ओरडून सांगतोय."

मी ट्यूनर लावून दाखवला, सुई बरोबर मधोमध. मामांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला.

१७ जुलै, गुरुवार, रात्री

शिफ्टवरून आल्यावर गणित केलं. मामा बरोबर आहेत. सुईही बरोबर आहे.

त्या कॉर्डमधला सा म्हणजे २२० हर्ट्‌झ. शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, २७५. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समान अंतरांच्या सप्तकातला, २७७.१८. फरक १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. स्वच्छ आवाजात हे आपण सगळे पोटात घालतो. शंभर वर्षं हार्मोनियम ऐकून सवय झालीय. (या चढ्या-उतरत्या स्वरांची तक्रार तेव्हाही होती. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती काही दशकं टिकली. मामा त्या बंदीच्या बाजूने आजही बोलतात.)

पण डायोड दोन स्वर एकत्र कापतात तेव्हा दोघांच्या बेरजा-वजाबाक्याही करतात, आणि त्या स्वर म्हणून ऐकू येतात. गंधाराची दुप्पट वजा षड्‌ज: शुद्ध गंधार असता तर २ गुणिले २७५ वजा २२० म्हणजे ३३०, नेमका पंचम. भुतासारखा उगवलेला स्वरही सुरात. पडद्यावरच्या गंधारातून निघतो ३३४.३६. आणि मी वाजवत असलेला खरा पंचम आहे ३२९.६३. दोन पंचम शेजारी शेजारी, सेकंदाला पावणेपाच ठोके मारत. हेच ते कण्हणं.

वाकड्या कापणीत आणखी एक भूत येतं, साधी वजाबाकी: २७७.१८ वजा २२०, म्हणजे ५७.१८. यायला हवा होता ५५, दोन सप्तकं खालचा सा. हा ६७ सेंट चढा, अर्ध्या स्वराहून जास्त. म्हणजे मूळ चूक १४ची, तळात गेल्यावर ६७ची. व्याजासकट.

सा-प मध्ये मात्र पंचम फक्त दोन सेंट उतरता असतो, म्हणून भुतंही जवळपास सुरातच बसतात. रॉकवाले गंधार वगळून नुसते सा-प का वाजवतात याचं उत्तर मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मिळालं. आतापर्यंत मला ते आळशी वाटायचे.

मग पेडलाची निवड कशावर करायची? एका स्वरावर तर यादीतलं प्रत्येक पेडल छान वाजतं. सा-ग एकत्र मारल्यावर कोण किती कण्हतं, त्यावर. आणि गणित मानलं तर बॉसची वाकडी कापणी माझ्यासाठी वाईट, ट्यूब स्क्रीमरची सरळ कापणी बरी. ऐकून पाहायला हवं, पण सगळी पेडलं एकाच वेळी उसनी मिळणार नाहीत. तेव्हा एकच डबा बनवायचा, ज्यात डायोड बदलता येतील.

२० जुलै, रविवार

जेल रोड. पाऊस, आणि अर्धी दुकानं रविवारची बंद. तरी चिप, सॉकेट, रजिस्टन्स, कंडेन्सर, ५०० के आणि १०० केचे पॉट (बटणाने फिरवून कमी-जास्त करायचे रजिस्टन्स), दोन जॅक, व्हेरोबोर्ड आणि मूठभर वन-एन-४१४८ हे सिलिकॉनचे डायोड मिळाले. लाल एलईडी घरात होतेच. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "अंकल, सर, क्या बना रहे हो?" ओव्हरड्राइव्ह म्हटल्यावर त्याने गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल बोलायला सुरुवात केली.

सर्किट ट्यूब स्क्रीमरच्या वळणाचं, डायोडांच्या जागी मात्र सहा भोकांचं सॉकेट. वरच्या बाजूला काय खुपसायचं, खालच्या बाजूला काय, ते वेळेवर.

२४ जुलै, गुरुवार

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाज आला, पण फाटक्या पोंग्यासारखा. दोन रात्री गेल्या. चूक लाजिरवाणी होती: ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालवताना चिपला अर्धा व्होल्टेज, साडेचार, आधाराला द्यावा लागतो. तो मी दोन दहा-केच्या रजिस्टन्सनी बनवला होता, पण इनपुटचा कंडेन्सर विसरलो. गिटारच्या कॉइलने साडेचार व्होल्ट थेट जमिनीत ओढले. पस्तीस पैशांचा कंडेन्सर लावला आणि डबा बोलायला लागला.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. या सर्किटचं ड्राइव्ह शून्यावर ठेवलं तरी गेन शून्य होत नाही. ५१ केचा रजिस्टन्स पॉटच्या जोडीला कायम असतो, त्यामुळे ७२० हर्ट्‌झच्या वर कमीत कमी गेन सुमारे बारापट, जास्तीत जास्त ११७-११८ पट. माझा पिकअप जोरात छेडल्यावर १०० मिलिव्होल्ट सहज देतो, म्हणजे शून्यावरही सव्वा व्होल्टच्या आसपास, आणि सिलिकॉनचा डायोड ०.६ला उघडतो. 'शून्य' लिहिलंय म्हणून कापणी थांबत नाही.

२६ जुलै, शनिवार

जर्मेनियमचा डायोड हवा होता. तो ०.३ व्होल्टलाच उघडतो, त्याची वेगळीच कीर्ती. जेल रोडवर नाही मिळाला. मग आठवलं, मामांकडे जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आहे, पंधरा वर्षं बंद. डिटेक्टरच्या जागी ओए ७९ असणार. गेलो, मागचं झाकण उघडलं, होता.

"चालत नाही म्हणून त्यातून काहीही काढायचं का रे?" मामा म्हणाले.

"उसना नेतो. परत लावून देईन."

"बँकेत असं म्हणणाऱ्या लोकांची मी यादी ठेवायचो."

दिला मात्र. बदल्यात उद्या सकाळी स्वतः येऊन ऐकणार, अशी अट घातली.

२७ जुलै, रविवार

मामा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत. मी त्यांच्या मागे. डायोडांच्या चार जोड्या: सिलिकॉन एक-एक, सिलिकॉन दोन-एक, एलईडी एक-एक, आणि एका बाजूला ओए ७९, दुसऱ्या बाजूला सिलिकॉन. प्रत्येक जोडी ड्राइव्हच्या तीन जागांवर: शून्य, अर्धं, पूर्ण. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी वाजवायच्या: एकतारी तान, सा-प, सा-ग-प. फोनवरच्या मीटरने दर वेळी आवाजाची पातळी सारखी करून घेतली. हे कंटाळवाणं काम टाळलं तर सगळी चाचणी फुकट, कारण एलईडी दीड-पावणेदोन व्होल्टला उघडतात आणि त्यांचा आवाज मोठा येतो. मोठा आवाज प्रत्येकाला चांगला वाटतो, मामांनाही.

क्रम चिठ्ठ्या टाकून. बारा वेळा.

निकाल माझ्या गणिताला फारसा मानणारा नव्हता. सिलिकॉन एक-एक आणि दोन-एक यांतला फरक मामांना एकदाही ओळखता आला नाही. माझं ५७ हर्ट्‌झचं चढं भूत माझ्या आठ इंची स्पीकरमधून बाहेरच पडत नाही, हे मी आधीच धरायला हवं होतं. ड्राइव्ह पूर्ण असताना चारही जोड्यांना त्यांनी "कण्हतंय" म्हटलं. ड्राइव्ह शून्यावर असताना एलईडीला "बसलाय, जवळजवळ", दोन्ही सिलिकॉनना "सहन होतं". रेडिओच्या डायोडला तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात पकडलं: "हा माझा. बंद जवारी. स्वर तोंडात गुळणी धरून बसलाय." तो एवढ्या खाली उघडतो की शून्यावरही सगळंच कापलं जातं.

म्हणजे ज्या एका डायोडवर लोकांनी पोथ्या लिहिल्या तो माझ्या कामात दुय्यम. मुख्य गोष्ट बटण किती फिरवलंय ती. चार दिवस डाग देत बसलो ते हे कळण्यासाठी.

जाताना मामा देवासच्या गोष्टीत शिरले. कुमारजींचे (कुमार गंधर्वांचे) तानपुरे जुळताना बसून ऐकायला लोक लवकर जायचे, मैफल सुरू व्हायच्या आधी. "खर्जाची तार नीट लागली की गंधार आपोआप निघतो, कुणी वाजवावा लागत नाही. स्वयंभू. तो ज्याने एकदा ऐकला त्याला मग तुझ्या पडद्यावरचा चालत नाही. यात तुझ्या डब्याचा दोष नाही बाबा."

खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर, मी मनात म्हटलं. मूळच्या पाचपट. दोन सप्तकं खाली आणला की सव्वापट. बरोबर २७५च्या घराण्यातला.

३ ऑगस्ट, रविवार

मग गंधारच उतरवला तर? तो बी तारेवर आहे. ती तार १४ सेंट खाली घेतली, ट्यूनरची सुई डावीकडे, आणि 'ए' मारला. ड्राइव्ह अर्ध्यावर असूनही कॉर्ड काचेसारखा स्थिर. ठोके गेले. दोन मिनिटं मी तोच कॉर्ड मारत बसलो, शेवटी बायकोने आतून विचारलं, "अडकलं का?"

पुढचा कॉर्ड 'ई'. तिथे तीच तार पंचम असते. पंचम लंगडा, तोही चांगलाच. दुरुस्ती एका घरात, गळती दुसऱ्या घरात. बी तार परत वर.

जे जमलं ते बोटाने. भावगीताच्या त्या तुकड्यात शेवटी तिन्ही तारा मारण्याऐवजी फक्त सा-ग ठेवले, पंचम कीबोर्डला दिला आणि जी तारेवरचा सा बोटाने केसभर ओढून वर नेला. गंधार खाली येत नाही तर षड्‌ज वर. गवई ऐकेल तर कानफटात मारेल, पण दोन स्वरांमधलं अंतर बरोबर होतं आणि पेडल गप्प बसतं. बोटाला किती ओढायचं हे दर वेळी सापडतंच असं नाही. दहातून सहा वेळा.

१० ऑगस्ट, रविवार

रिहर्सल. राखीचे पाहुणे घरात असल्यामुळे एक तास उशिरा पोचलो, आमच्या गाणाऱ्या ताईंचा गळा तोवर तापून बसला होता आणि त्याही.

आज एसडी-१ पुन्हा उसनं. ड्राइव्ह शून्याच्या जरा वर, लेव्हल जवळजवळ पूर्ण, गिटारचं व्हॉल्यूम सहावर. भावगीतांना एवढंच. रॉकच्या दोन गाण्यांत गिटारचं व्हॉल्यूम दहावर न्यायचं, आणि कॉर्डमधून गंधार काढून टाकायचा. पायाने काही दाबायचं नाही, ड्राइव्हचं बटण फिरवायचं नाही, सगळं उजव्या हाताच्या करंगळीपाशी. हॉलमध्ये आवाज पुढे आला, गायनावर चढला नाही.

डायोड ओळखू येत नसेल तर सरळ कापणी की वाकडी हा प्रश्नच संपला. उरले प्रश्न किराणा दुकानातले. टीएस मिनीला बॅटरीची जागा नाही, अ‍ॅडॉप्टर लागतोच, आणि मंडपातल्या विजेवर माझा विश्वास नाही: त्याच बोर्डावर रोषणाईच्या माळा आणि त्यांचे डिमर. शिवाय मिनीची काही बटणं इवलीशी, अंधारात माझ्या बोटांना नकोत. एसडी-१ बॅटरीवर चालतं आणि आकाराने दणकट आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ड्रमरच्या मित्राला विचारलं, विकणार का. तो म्हणाला, तुमच्याचकडे तर असतं नेहमी. बजेटच्या निम्म्यात सौदा झाला. उरलेल्यातून चांगली केबल आणि दोन अल्कलाइन बॅटऱ्या.

माझा सहा भोकांचा डबा मात्र आवाजात एसडी-१पेक्षा गंधाराला किंचित बरा आहे, एलईडी लावून. पण त्याच्यावर पाय ठेवायची माझी हिंमत नाही. टिफिनचा डबा आहे तो.

३१ ऑगस्ट, रविवार

काल कार्यक्रम झाला. सकाळी पाऊस, संध्याकाळी उघडीप, मंडप भरलेला. गुणगुण होती, माळांची, पण बॅटरीमुळे पेडलातून नाही, फक्त कॉइलमधून. मधला आणि गळ्याकडचा पिकअप एकत्र घेतले की माझ्या गिटारवर ती बरीच मरते, म्हणून अर्धा कार्यक्रम त्याच जागेवर.

भावगीताचा तुकडा. सा ओढला, जरा जास्तच. कण्हलं. दुसऱ्या अंतऱ्याआधी तोच तुकडा परत येतो, तेव्हा बसला. तिसऱ्यांदा भीतीने स्वच्छ आवाजात वाजवला, कुणाला काही कळलं नाही. रॉकच्या गाण्याला पोरं नाचली, गंधार नसल्याची तक्रार एकाचीही नाही.

मामा दुसऱ्या रांगेत होते. नंतर भेटले तेव्हा ताईंच्या आवाजाबद्दल बोलले, ढोलकाबद्दल बोलले, मंडपाच्या साउंडवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी निघताना म्हणाले, "दुसऱ्या वेळी लागला होता."

एक चूक: रात्री केबल पेडलातच खुपसून झोपलो. या पेडलांत इनपुटला जॅक असेपर्यंत बॅटरी चालू राहते. सकाळी एलईडी मिणमिणता. एक अल्कलाइन वाया.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झाँक्या पाहत रात्रभर फिरलो. गिरण्या कधीच्या बंद झाल्या, झाँक्या निघतातच. पहाटे आलो, दुपारी उठलो आणि उधारी आठवली. ओए ७९ घेऊन मामांकडे गेलो. आज रात्री खग्रास चंद्रग्रहण, वेध लागलेले, त्यामुळे चहासुद्धा नाही.

डायोड जागेवर लावला, पट्टीची खूण कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो काढून ठेवला होता म्हणून निभावलं. रेडिओ चालू केला. बंदच. तो डायोडामुळे बंद नव्हताच. आउटपुटकडचे दोन कंडेन्सर वाळून फुगलेत, १०० मायक्रोफॅरॅडचे, आणि बँडच्या स्विचला गंज. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये मुंग्यांची अंडी.

कंडेन्सर उद्या शिफ्टवरून येताना आणतो. पॉट ५ केचा आहे, स्विचसकट मिळाला तर बघायचं.